उद्यमबागेत तेराचा पाना हुडकताना

बेळगावात उद्यमबाग कुठं असं कुणी विचारलं, तर आपण अजून रेल्वे गेटांच्या हिशोबानं सांगतो. पहिलं गेट, दुसरं गेट, मग तिसरं. ते ओलांडून खानापूर रोडनं पुढं गेलं की आलीच. तिसऱ्या गेटावर आता पूल झालाय, गाडीची वाट बघत उन्हात थांबणं संपलं, पण सांगण्यातलं गेट काही सुटत नाही. नावात बाग आहे म्हणून पहिल्यांदा येणारा पाहुणा झाडं शोधतो. झाडं आहेत थोडी. पण नाकाला आधी कळतो तो फाउंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास, आणि आतल्या गल्लीत वळलं की कटिंग ऑइलचा. रस्त्याकडेला कास्टिंगचे ढीग, पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, कसली कसली हाउसिंग, पावसात भिजून तांबूस झालेली. सकाळी मच्छे, पिरनवाडी, मजगाव, अनगोळ, येळ्ळूरकडून मोटरसायकली आणि उरल्यासुरल्या सायकली येतात, डब्याच्या पिशव्या हँडलला लटकलेल्या.

मी बीई याच भागात केलं. चार वर्षं या रस्त्यानं गेलो आणि नोकरी मात्र बेंगळूरला, सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या वर्गातले निम्मे असेच पांगले. लोखंडाचा धंदा करणारी बेळगावची माणसं फार जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते इथंच, नांगराचं वेडही इथलंच. १९१० मध्ये ते कुंडल रोडच्या माळावर गेले, तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि आपल्याकडं किर्लोस्कर रोड राहिला. त्या रोडवर आज साड्या आणि मोबाइल मिळतात. लोखंड तिथून सरकत सरकत तिसऱ्या गेटाच्या पलीकडं आलं.

माझ्या काकांचं शेड उद्यमबागेच्या आतल्या गल्लीत आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल, आणि पाच वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी. माणसं सात. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशिनिंग करून परत द्यायचं. अशी शेडं तिथं ओळीनं आहेत, आणि आत शिरलात तर बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येईल, "तेराचा कुठं गेला रे?"

तेराचा म्हणजे तेरा मिलिमीटरचा पाना. आठाच्या बोल्टला तो लागतो, म्हणून तो सगळ्यांना लागतो, आणि म्हणून तोच कधी जागेवर नसतो. आमच्या शेडमध्ये हत्यारं होती भरपूर. एक लोखंडी कपाट, चार ड्रॉवर, दोन तेलाचे कापलेले डबे, खिडकीची कड आणि प्रत्येक मशीनचा माथा, एवढ्या ठिकाणी ती पसरलेली. कुठलं कुठं आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस एकच, आमचे मेस्त्री. एकतीस वर्षं झाली त्यांना. त्यांना काही हुडकावं लागत नाही, हात आपोआप तिकडं जातो. मे महिन्यात मुलीच्या लग्नासाठी ते आठ दिवस खानापूरकडं गावी गेले, तर अक्षता पडायच्या आधी अर्धा तास मांडवात त्यांना फोन. "मेस्त्री, आठाची एलन की?" मेस्त्रींनी पाहुण्यांच्या गर्दीतून सांगितलं, "मिलिंगच्या मागं निळा डबा हाय बघ, त्याच्या खाली फडकं, फडक्यात." निघाली तिथंच.

आता गुडघ्यांमुळं मेस्त्री दिवाळीनंतर काम सोडतायत. काका त्रेसष्टचे. चुलतबहीण तिच्या संसारात दूर, मी कीबोर्डवाला. श्रावणात फोनवर काका सहज बोलून गेले, "मेस्त्री गेले की मीही शटर ओढतो बहुतेक. नव्या पोरांना ओरडत कोण बसणार?" सहज बोलले, पण काका असं सहज कधी बोलत नाहीत. मी दसऱ्याला जोडून रजा टाकली आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं खंडेनवमीच्या चार दिवस आधी पोचलो.

पहिला दिवस मी नुसता वही घेऊन स्टुलावर बसलो. कोण, काय, किती वेळ हुडकतंय ते लिहीत गेलो. मेस्त्रींनी दोनदा येऊन विचारलं, "काय करायलास?" संध्याकाळपर्यंत तेवीस नोंदी झाल्या. बहुतेक दोन-तीन मिनिटांच्या, पण एक वीस मिनिटांची. व्हीएमसीवर जॉब बांधलेला, मशीन उभं, आणि तीन माणसं दहाची एलन की हुडकतायत. ती शेवटी लेथवाल्या पोराच्या खिशात सापडली. हा त्याचा दोष मी धरत नाही. परत ठेवायला जागाच नसेल तर खिसा ही सगळ्यात सुरक्षित जागा.

खंडेनवमीचा मुहूर्त यासाठी उत्तम. एरवी शेड बंद ठेवून हत्यारं बाहेर काढा म्हटलं असतं तर काकांनी मला गाडीत बसवून परत पाठवलं असतं. पण नवमीला सगळं बाहेर येतंच. कन्नड मंडळी आयुधपूजा म्हणतात, आपण खंडेनवमी. त्या दिवशी उद्यमबाग बघण्यासारखी असते. मशीन धुऊन पुसून झेंडूच्या माळा, प्रत्येक शेडपुढं रांगोळी, फाउंड्रीच्या भट्टीलाही हळदकुंकू. हत्यारं रॉकेलमध्ये धुतात, पुसतात, कापडावर मांडतात. आम्ही मांडली आणि मोजली. हातहत्यारं १८७ निघाली. त्यात तेराचे पाने सात! सात असूनही दिवसातून चारदा हुडकायचा. हरवला की नवा आणायचा, मग जुना सापडायचा, असं ते वाढत गेलेलं. उलट एकोणीसचा एकच, त्याचंही तोंड फाकलेलं.

इथून खरी चर्चा सुरू झाली, म्हणजे वादच. माझं म्हणणं, एका जातीची हत्यारं एका ठिकाणी. पाने एका ओळीत लहानापासून मोठ्यापर्यंत, एलन की एका ओळीत, कानशी एकीकडं, हातोडे एकीकडं. मग रिकामी जागा लगेच दिसते. मेस्त्रींचं म्हणणं, जे जिथं लागतं ते तिथं. लेथची चक की लेथपासून चार पावलं लांब भिंतीवर टांगलीस तर पोरगं ती चकमध्येच ठेवणार, आणि चकमध्ये विसरलेली की मशीन सुरू केल्यावर कुठं जाऊन लागेल सांगता येत नाही. यावर बोलायला काही जागाच नव्हती. शेवटी वाटणी केली. ज्या हत्याराशिवाय एखादं मशीन चालूच होत नाही ते त्या मशीनच्या अंगाला, एक हात लांब. बाकी सगळं भिंतीवरच्या फळीवर.

फळी म्हणजे आठ बाय चारचं प्लायवूड, पिवळा ऑइल पेंट मारलेलं. त्यावर एकेक हत्यार ठेवून काळ्या रंगानं कडा गिरवायची. ही पद्धत आता जगभर आहे. हत्यार काढलं की त्याची सावली मागं उरते, म्हणून इंग्रजीतलं तिचं नावही सावलीवरूनच पडलंय. विमानांच्या देखभालीत माझा एक वर्गमित्र आहे. त्यांच्याकडं फोममध्ये हत्याराच्या आकाराचा खड्डा असतो, फोम वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या. हत्यार नसलं की खालचा रंग डोळ्यांवर येतो. सगळे खड्डे भरल्याशिवाय विमानाचं झाकण बंद करत नाहीत, कारण आत राहिलेला एक पाना विमान पाडू शकतो. आमच्या हत्तरगीलाही विमानाचे भाग बनतात, त्यामुळं हे ऐकून काका एकदम गंभीर झाले. उद्यमबागेत विमान पडणार नाही, पण दहाची एलन की फिरत्या चकखाली पडू शकते.

फळीवर जड हत्यार खाली, हलकं वर. हातोडा दोन खिळ्यांमध्ये डोक्यावर टांगायचा. कानशी एकमेकींवर कधीच टाकायच्या नाहीत, दाते दात्यांवर घासून बोथट होतात. प्रत्येकीला वेगळा हूक. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर फळीवर नाहीतच. ते ऑफिसच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये, फेल्टवर, कापराची वडी टाकून. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लोखंडाला एका रात्रीत तांब चढते हे बेळगावकरांना सांगायला नको.

मग आला लेबलांचा प्रश्न. काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पाटी कुठल्या भाषेत लिहिणार?"

आपल्या गावात हा प्रश्न कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे. शेडमधले सातजण असे: मेस्त्री आणि तिघं मराठी, त्यातला एक येळ्ळूरचा, एक बैलहोंगलकडचा, कन्नड, दोघं बिहारचे. जेवताना सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालतात आणि शिव्याही तिन्ही भाषांत देतात. पण हत्यारांच्या नावांचा गोंधळ वेगळाच आहे. आपण ज्याला कानस म्हणतो त्याला कन्नडमध्ये अर, हिंदीत रेती. बिहारच्या पोरानं पहिल्या आठवड्यात "रेती लाओ" म्हटल्यावर येळ्ळूरच्या पोरानं शेजारच्या फाउंड्रीतून बादलीभर वाळू आणून दिली होती. हातोड्याला सुत्तिगे. स्क्रू ड्रायव्हरला कुणी पेचकस, कुणी डिसमिस. आणि गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार हे मला आणि काकांनाच ठाऊक. बाकी सगळ्यांना ते चार वाजता कोपऱ्यावरच्या गाड्यावर चुरमुऱ्याचं मिळतं.

तीन लिपींत लिहायचं ठरवलं असतं तर हत्यारापेक्षा लेबल मोठं झालं असतं. आणि क्रम काय लावायचा, वर कोण आणि खाली कोण? त्यात मला पडायचं नव्हतं. कडेची आकृतीच नाव सांगते, ते कुठल्याही भाषेत वाचता येतं. त्याच्या जोडीला फक्त आकडा. पान्यांवर आकडे इंग्रजीतच ठोकलेले येतात आणि ते सगळ्यांना वाचता येतात, म्हणून फळीवरही तेच. बैलहोंगलच्या भावानं ब्रश धरला, कारण सातजणांत अक्षर त्याचं सर्वांत चांगलं. मशीनप्रमाणे रंगाची पट्टीही दिली, हत्यारावर आणि जागेवर एकाच रंगाची. लेथ निळा, मिलिंग लाल, ड्रिल हिरवा, व्हीएमसी पांढरा. पण रंगावर सगळा भरवसा ठेवला नाही, काहींना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, आकडा पाहिजेच.

लेबल टिकवणं हा स्वतंत्र विषय आहे. कागदी स्टिकर कूलंटमध्ये एक आठवडा जगतो. प्लॅस्टिक पट्टीचा डिंक तेलानं सुटतो. मार्करचं अक्षर रॉकेलच्या एका फडक्यात जातं. मेस्त्री हसून म्हणाले, "लोखंडाच्या दुकानात बसून कागद चिकटवायलास होय?" आणि त्यांनी नंबर पंचाचा डबा पुढं सरकवला. पितळेच्या पट्ट्या कापल्या, त्यावर आकडे ठोकले आणि रिव्हेट मारले. हत्यारावर मात्र पंच चालत नाही, पान्याचं पोलाद पंचापेक्षा फार मऊ नसतं, पंचाचं तोंड जातं. तिथं विजेच्या एनग्रेव्हरनं कोरलं, हातोड्यांच्या दांड्यांवर रंग.

माझ्या मते या सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती ड्रिल आणि टॅपची पाटी, आणि ती कुणाला फारशी दिसतही नाही. आमच्या धंद्यात एका गोष्टीला एक नंबर असतो. इथं एका एम ८ च्या बोल्टमागं चार आकडे. बोल्ट ८, पाना १३, एलन की ६, आणि त्याच्या आट्यांसाठी भोक पाडायचं ते ६.८ च्या ड्रिलनं. एम १० ला भोक ८.५, एलन ८, आणि पाना जुना बोल्ट असेल तर १७, नव्या मापाचा असेल तर १६. एम १२ ला भोक १०.२, एलन १०, पाना १९ किंवा १८. नव्या पोराला "आठाचं आण" म्हटलं तर त्यानं काय आणायचं? मेस्त्रींच्या डोक्यात हे पाढ्यासारखं बसलेलं. ते मी त्यांच्यासमोर बसून उतरवून घेतलं, आणि प्रत्येक टॅपच्या शेजारी त्याच्याच मापाचं ड्रिल उभं केलं, एकाच लाकडी ठोकळ्यात, जोडीजोडीनं. ड्रिलच्या दांडीवरचं माप चकमध्ये घसरून पुसलं जातं, मग ते अंदाजानं उचललं जातं, आणि भोक बारीक पडलं की टॅप आत मोडतो. मोडलेला टॅप कास्टिंगमधून काढण्यात अर्धा दिवस जातो. पुसलेली अकरा ड्रिलं व्हर्नियरनं मोजून जागेवर लावली.

जुन्या लेथचं प्रकरण निराळं. त्याचे बोल्ट व्हिटवर्थचे. त्या पान्यावर अर्धा इंच लिहिलेलं असतं ते बोल्टचं माप, पान्याच्या तोंडाचं नव्हे. हे माहीत नसणारा माणूस तिथं तासभर डोकं खाजवतो. ते पाने फळीवर न लावता लेथच्याच दाराला आतून टांगले, वर जाड निळी रेघ. दुसऱ्या मशीनवर त्यांचं काही कामच नाही.

काकांनी स्वतःहून काढलेली एकच गोष्ट, पितळी बिल्ले. तरुणपणी ते एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस होते, तिथल्या टूल रूमची ही पद्धत. प्रत्येकाचे पाच बिल्ले, त्यावर त्याचा नंबर. हत्यार घेतलं की त्या हुकाला आपला बिल्ला अडकवायचा, परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. पाच संपले की सहावं हत्यार मिळत नाही, आधीचं आणून दे. आमच्याकडं सॉफ्टवेअरमध्ये एकच फाइल दोघांनी एकदम बदलू नये म्हणून असलंच काहीतरी करतात. काकांना ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. बिल्ले त्यांनी स्वतः लेथवर काढले, एकाच दांड्यातून चकत्या कापून. कितीतरी दिवसांनी काका मशीनवर उभे होते.

दसऱ्याला सोनं लुटून झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून फळी वापरात आली. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा जागा रिकाम्या, बिल्ले न लावता. तिसऱ्या दिवशी दोन. मी परत बसून वही लिहिली, सात नोंदी झाल्या, सगळ्यात लांब चार मिनिटांची. माझ्या रजेनंतर हे टिकेल का? आता संध्याकाळी मशीन पुसायच्या वेळेला येळ्ळूरचं पोरगं फळीचा फोटो काढून काकांना पाठवतं, आणि काका मला. गेल्या पंधरा दिवसांत दोन फोटोंत एकेक जागा मोकळी होती, दोन्ही वेळेला तेराचीच. सातपैकी तीन आम्ही फळीवर ठेवलेत, तीन कपाटात कुलपात, एक व्हीएमसीला.

काकांनी परवा एका फाउंड्रीची मार्चपर्यंतची ऑर्डर घेतली. शटरचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

फळीवरच्या १८७ मधलं एक हत्यार मात्र नावाशिवाय राहिलं. मेस्त्रींनी जुन्या स्प्रिंगच्या पट्टीतून स्वतः ठोकून केलेलं, वीतभर लांब, एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला चपटं. टेबलाच्या खाचेत अडकलेला बर काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. यादीत नंबर ६१, पुढं नाव काय लिहायचं विचारलं तर म्हणाले, "‘ते’ म्हटलं की देतात की. नाव कशाला?" मी रकाना मोकळा ठेवला. पोरांनी तो भरला. आता ते "मेस्त्री दे इकडं" म्हणतात आणि मेस्त्री अजून शेडमध्येच असल्यामुळं दरवेळी तेही मान वर करून बघतात.

कपाटातले खालचे दोन ड्रॉवर राहिलेत. त्यात जुनी फिक्स्चर, कुणाची कुठली ते फक्त मेस्त्रींना माहीत. दिवाळीला चार दिवस जातोय. मेस्त्रींना सांगून ठेवलंय, फराळ झाला की दोन तास माझ्याबरोबर बसायचं, वही मी आणतो.